स्वतःच ओढवून घेतलेलं

महिन्यातून एका रविवारी आम्ही सात-आठजण कुणातरी एकाच्या घरी जमतो आणि रेकॉर्ड ऐकतो. नियम एकच, गाणं चालू असताना बोलायचं नाही. गेल्या खेपेला दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम मकेबा लावली होती. तिचं ‘कोंगकोथ्वाने’ सुरू झालं तसे सगळ्यांचे कान टवकारले. हळहळताना दातांमागून जीभ ओढून आपण ‘च्च् च्च्’ करतो, बैल हाकताना गालाच्या बाजूनं जिभेचा एक वेगळा आवाज काढतो. आपल्याकडे हे शब्दांबाहेरचे आवाज. मकेबाच्या खोसा भाषेत ती व्यंजनं आहेत. या गाण्यात त्यांतलंच तिसरं एक आहे, बाटलीचं बूच निघावं तसं वाजणारं. ते ती सुरात, लयीत, शब्दाच्या मधोमध असं बसवते की ठेका कुणी वेगळा धरलाय का, हे बघावंसं वाटतं. गाणं लग्नातलं, एका किड्यावरचं, शुभशकुनाचं. इंग्रजांना त्याचं नाव उच्चारता येत नाही म्हणून ते याला ‘क्लिक साँग’ म्हणतात, असं ती कार्यक्रमात श्रोत्यांना सांगत असे.

रेकॉर्ड संपली, चहा आला आणि आमच्यातले एक ज्येष्ठ मित्र म्हणाले, “काय गळा होता! राजकारणात पडली आणि वाटोळं करून घेतलं. स्वतःच ओढवून घेतलं सगळं.” त्यावर एक तरुण मैत्रीण उसळून म्हणाली, “उलट भूमिका घेतली म्हणूनच ती मोठी. नुसती गात राहिली असती तर आज तुम्ही तिचं नाव तरी घेतलं असतंत का?” पुढचा तासभर याच दोन वाक्यांची अदलाबदल होत राहिली. कुणी नट, खेळाडू किंवा गायिका चार शब्द बोलली की आपल्याकडे हाच वाद होतो आणि दर वेळी असाच होतो. एक बाजू म्हणते गप्प गा, दुसरी म्हणते गाणं बाजूला ठेव आणि आधी बोल. मकेबाचं आयुष्य समोर ठेवलं तर या दोन्ही बाजू किती उथळ पाण्यात उभ्या आहेत ते दिसतं, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाणं एकीकडे आणि राजकारण दुसरीकडे ठेवायची सोय सगळ्यांना मिळत नाही. ज्यांच्या घरात सरकार न विचारता शिरतं, त्यांना ती कधीच मिळालेली नसते. अशा माणसानं आपल्यावर काय गुदरलं ते सांगितलं, तर ती साक्ष असते. साक्ष आणि सल्ला यांत आपण फरक करत नाही आणि म्हणून हा वाद भरकटतो. गायिकेला परराष्ट्र धोरणातलं काय कळतं, हा प्रश्न सल्ल्याला लागू पडतो. साक्षीदाराला आपण तो विचारत नाही. तिथे एवढंच पाहतो की हिनं हे पाहिलं, भोगलं का, आणि ही खरं बोलते का.

मकेबाचा जन्म 4 मार्च 1932 चा, जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीतला. तिच्या आईनं चार पैसे मिळावेत म्हणून घरी बिअर करून विकली. मका आणि ज्वारी आंबवून ती करतात, पिढ्यान्‌पिढ्या करत आले. पण काळ्या माणसानं ती करून विकणं हा तिथे गुन्हा होता. आईला अटक झाली, दंड भरायला पैसे नव्हते, शिक्षा सहा महिन्यांची झाली. मिरियम तेव्हा अठरा दिवसांची होती. तीही आईबरोबर आत गेली आणि आयुष्याचे पहिले सहा महिने तिनं तुरुंगात काढले. अठरा दिवसांच्या त्या पोरीनं कोणत्या राजकारणात भाग घेतला होता? तिचं पाळण्यातलं नाव झेन्झिले. गरोदरपण आईच्या जिवावर बेतणारं होतं आणि त्या दिवसांत आजी तिला कुरकुरत म्हणायची, ‘उझेन्झिले’, म्हणजे ‘तूच ओढवून घेतलंस हे’. त्यावरून ते नाव पडलं. आमच्या मित्रांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी नेमकं तेच वाक्य उच्चारलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण जन्माला येण्याआधीपासून या बाईला हेच ऐकवलं गेलं होतं.

तारुण्यात ती लोकांच्या घरी धुणीभांडी करत असे, पुढे मॅनहॅटन ब्रदर्सबरोबर आणि मग ‘स्कायलार्क्स’ या मुलींच्या चमूतून गायली. लायनेल रोगोसिन या अमेरिकन दिग्दर्शकानं दक्षिण आफ्रिकेत चोरून एक चित्रपट काढला, सरकारला आपला हेतू कळू न देता. त्यात मकेबा काही मिनिटांपुरती दिसते आणि दोन गाणी म्हणते. एवढ्याशा कामानं तिचं नशीब फिरलं. 1959 मध्ये चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवाला गेला, मागोमाग तीही गेली, लंडनमध्ये अमेरिकन गायक हॅरी बेलाफोन्टे भेटला आणि त्याच वर्षाच्या शेवटी ती अमेरिकेत टेलिव्हिजनवर आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत गात होती. इथपर्यंतच्या वाटचालीत भाषण नाही की निवेदन नाही. गाणं चांगलं होतं, लोकांनी उचलून धरलं, बस.

मग 1960 आलं. 21 मार्चला शार्पव्हिलमध्ये पासबुकाच्या, म्हणजे काळ्या माणसानं सतत जवळ बाळगायच्या परवान्याच्या, सक्तीविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या, 69 माणसं मारली गेली. त्याच वर्षी मकेबाची आई वारली. मातीला जायचं म्हणून ही आपल्या देशाच्या वकिलातीत गेली आणि तिथल्या कारकुनानं तिच्या पासपोर्टवर तो रद्द झाल्याचा शिक्का मारला. हे चित्र जरा जवळून पाहा. अठ्ठावीस वर्षांची मुलगी, आईच्या अंत्यविधीला जाण्यासाठी खिडकीपाशी उभी आहे. पलीकडचा माणूस तिचा पासपोर्ट घेतो, शिक्का उमटवतो आणि परत देतो. तिच्यापुरतं सांगायचं तर राजकारण त्या खिडकीतून तिच्या हातात आलं. तिनं ते निवडलं असं म्हणणाऱ्यांना मला विचारायचंय, त्या खिडकीपाशी तिनं नेमकं काय करायला हवं होतं म्हणजे ती अराजकीय ठरली असती?

16 जुलै 1963 ला ती संयुक्त राष्ट्रांच्या वर्णभेदविरोधी विशेष समितीपुढे बोलली. दक्षिण आफ्रिकेवर आर्थिक बहिष्कार टाका, त्यांना शस्त्रं विकू नका, ती आमच्या बायकामुलांवर चालवली जातील, असं तिनं सांगितलं. त्यावर प्रिटोरियातल्या गोऱ्या सरकारनं तिचं नागरिकत्व काढून घेतलं आणि तिच्या रेकॉर्डवर मायदेशात बंदी घातली. पुढच्याच महिन्यात सुरक्षा परिषदेनं सदस्य देशांना दक्षिण आफ्रिकेला शस्त्रं न विकण्याचं आवाहन केलं. ते तिच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. आफ्रिकी आणि आशियाई देश त्यासाठी कधीपासून खपत होते, आणि 1946 मध्ये हा विषय संयुक्त राष्ट्रांत पहिल्यांदा नेणारा देश भारत होता.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मोकळेपणानं मान्य करू. प्रसिद्धी हे उसनं भांडवल आहे. लोकांनी ते गाण्यासाठी दिलेलं असतं. गळा गोड असला म्हणून मत शहाणं होत नाही. घोषणा देण्याच्या नादात गाणं पातळ झाल्याची उदाहरणं कुठल्याही भाषेत ढिगानं सापडतील. टाळ्यांसाठी भूमिका घेणारे कलाकार असतात आणि वारं फिरलं की त्यांची भूमिकाही फिरते. सगळं कबूल. पण यातला एकही मुद्दा मकेबाच्या त्या साक्षीला लागू होत नाही. ती जे बोलली ते अंगावर घेतलेलं होतं, त्यासाठी तिनं देश गमावला, आणि गाण्याचं म्हणाल तर तिचं सर्वांत मोठं यश त्यानंतरचं आहे. 1966 मध्ये बेलाफोन्टेबरोबरच्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं, 1967 मध्ये ‘पाता पाता’ अमेरिकेत गाजलं. राजकारणानं गळा बसला असता तर हे कसं झालं असतं?

शिवाय ‘कला वेगळी, राजकारण वेगळं’ हे तत्त्व प्रामाणिकपणे पाळणाऱ्याचं काय होतं, याचंही उदाहरण इतिहासात आहे. विल्हेल्म फुर्टवेंगलर हा विसाव्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ संगीत-संचालकांपैकी एक. हिटलर सत्तेवर आल्यावरही तो जर्मनीतच राहिला. संगीत राजकारणाच्या वर असतं ही त्याची श्रद्धा होती आणि ती ढोंगी नव्हती. काही ज्यू वादकांना त्यानं वाचवलंही. तरी एप्रिल 1942 मध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तो बर्लिनमध्ये बेथोव्हनची नववी सिंफनी वाजवून घेत होता आणि त्या संगीताचा उपयोग कशासाठी करायचा हे गोबेल्स ठरवत होता. अशा राजवटीत कलाकार स्वतःला अलिप्त म्हणवून घेऊ शकतो, पण त्याच्या कलेला अलिप्त कोण राहू देतं? याच्या उलट पॉल रोबसन या काळ्या अमेरिकन गायकाकडे बघा. अमेरिकन सरकारनं 1950 मध्ये त्याचा पासपोर्ट काढून घेतला, आठ वर्षं त्याला देशाबाहेर जाऊ दिलं नाही, तेव्हा 1957 मध्ये तो समुद्राखालच्या टेलिफोनच्या तारेवरून वेल्सच्या खाणकामगारांसाठी गायला. 1958 मध्ये त्याची साठी भारतात साजरी झाली. त्यासाठीच्या समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला, आणि हा समारंभ होऊ नये म्हणून अमेरिकन वकिलातीनं खटपट केली होती. एका गायकाच्या वाढदिवसाला घाबरणारं सरकार ‘गाणं हे फक्त गाणं असतं’ असं मानत असेल का?

मकेबाची अमेरिकेतली कारकीर्द कशानं मोडली, हे तर तिला ‘फार बोलली’ म्हणणाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचायला हवं. ती बोलत होती तेव्हा अमेरिका टाळ्या वाजवत होती. 1962 मध्ये केनेडींच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात ती गायली. दूरच्या देशातल्या गोऱ्या सरकारविरुद्ध बोलणारी काळी गायिका अमेरिकन श्रोत्याला आवडत होती, त्यात त्याला स्वतःच्या सज्जनपणाची खात्रीही पटत असावी. 1968 मध्ये तिनं स्टोकली कारमायकलशी लग्न केलं. कारमायकल म्हणजे ‘ब्लॅक पॉवर’ हा शब्द गाजवणारा पुढारी, जो दक्षिण आफ्रिकेबद्दल नव्हे, थेट अमेरिकेबद्दल बोलत होता. लग्नाची बातमी फुटली आणि तिचे कार्यक्रम रद्द व्हायला लागले, रेकॉर्ड कंपनीचे करार गेले, सरकारी गुप्तहेर मागे लागले. या वेळी तिनं भाषण केलं नव्हतं, गाणंही बदललं नव्हतं. तिनं नवरा केला होता. ‘गप्प गा’ हा सल्ला तिनं तंतोतंत पाळला असता तरी हेच झालं असतं.

माझ्या तरुण मैत्रिणीचा पक्ष मला जवळचा वाटतो, म्हणून त्याच्यावर थोडं जास्त बोलतो. ‘भूमिका घेतली म्हणून ती मोठी’ या वाक्यात तिचं गाणं कुठे आहे? ‘पाता पाता’ म्हणजे ‘स्पर्श कर, स्पर्श कर’. जोहान्सबर्गच्या वस्त्यांतल्या एका नाचावरचं उडतं गाणं. त्यात ना पासबुक, ना शार्पव्हिल. आपल्या गाण्यांपैकी हे अगदी किरकोळ, आणि लोकांनी नेमकं हेच डोक्यावर घ्यावं, याचं मकेबाला स्वतःला नवल वाटे आणि थोडं वाईटही. मला वाटतं इथे तिचं चुकलं. ज्या माणसांना पोलिस रात्री दार ठोठावून उठवतात त्यांच्या वस्तीतला शनिवारचा नाच जगभर वाजला, ही लहान गोष्ट नव्हे. राजवटीनं त्या लोकांना मजूर क्रमांक ठरवलं होतं, आणि हे गाणं ऐकताना ते नाचणारी, एकमेकांना चिमटे काढणारी माणसं म्हणून दिसतात. आपण राजकीय गायिका नाही, आमच्यावर जे गुदरलं ते आम्ही गातो, आमच्याकडे गाणं असंच असतं, असं तीच म्हणत आली. शाहिरांच्या मुलखात वाढलेल्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. डफावर थाप पडली की गावातला दुष्काळ, सावकार, मोर्चा सगळं गाण्यात येतं आणि शृंगारही येतो. दोन वेगळी खाती नसतात.

भूमिकेची मागणी करणाऱ्यांचा आणखी एक दोष 1987 मध्ये दिसला. पॉल सायमन या अमेरिकन गायकानं दोन वर्षांपूर्वी जोहान्सबर्गला जाऊन तिथल्या काळ्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केलं होतं. दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार असताना केलं, म्हणून गदारोळ झाला. पुढच्या जगदौऱ्यात मकेबा आणि तिच्याच देशाचा वादक-गायक ह्यू मासेकेला त्याच्याबरोबर गायले, आणि लंडनच्या सभागृहाबाहेर बहिष्काराच्या समर्थकांनी निदर्शनं केली. बहिष्काराचं मोल मी कमी लेखत नाही. 1974 मध्ये भारतानं डेव्हिस कपचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेविरुद्ध न खेळता सोडून दिला, हाता-तोंडाशी आलेला चषक सोडला. आपल्या जुन्या पासपोर्टांवर ‘दक्षिण आफ्रिका वगळून’ असं छापलेलं असे. ते योग्यच होतं. सायमननं आधी कुणाला विचारायला हवं होतं, हेही मी मान्य करतो. पण ज्या बाईनं चोवीस वर्षांपूर्वी समितीपुढे उभं राहून हाच बहिष्कार मागितला आणि त्यापायी घर गमावलं, ती त्याच्याशी इमान राखते की नाही हे तिकिटाच्या रांगेजवळ फलक धरून तिला शिकवायचं? ज्यांच्यासाठी लढा, त्यांनी कसं गावं हेही लढ्यानं ठरवायचं का?

आता सर्वांत अवघड भाग. अमेरिकेनंतर मकेबा गिनीत गेली आणि जवळपास पंधरा वर्षं तिथे राहिली. अध्यक्ष सेकू तुरे यांनी तिला आसरा दिला, मान दिला, 1975 आणि 1976 मध्ये गिनीची प्रतिनिधी म्हणून ती संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बोलली. गिनी हा 1958 मध्ये फ्रान्सला तोंडावर ‘नाही’ म्हणून स्वतंत्र झालेला देश, आफ्रिकेचा अभिमान. आणि त्याच गिनीच्या राजधानीत बोइरो छावणी होती, जिथे तुरे यांचे विरोधक, संशयित, कालचे मित्र कोंडले जात आणि मरत. त्यांच्यापैकी एक होते दियालो तेली, आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले महासचिव. 1976 मध्ये त्यांना अटक झाली, 1977 मध्ये त्यांना अन्नपाणी तोडून मारण्यात आलं. या माणसाची आणखी एक ओळख आहे. मकेबानं 1963 मध्ये ज्या समितीपुढे साक्ष दिली, तिचे अध्यक्ष दियालो तेलीच होते. तिचं ऐकून घेणाऱ्या समितीचा प्रमुख तिच्या आसऱ्याच्या शहरात उपाशी मरत होता. तिनं जाहीरपणे एक शब्द काढला नाही, आणि तुरेंबद्दल पुढेही ती चांगलंच बोलत राहिली.

हे वाचून मी काही दिवस तिची रेकॉर्ड लावू शकलो नव्हतो. तिच्या बाजूनं जे सांगता येईल ते मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. ती निर्वासित होती, पासपोर्ट यजमानांच्या मेहेरबानीचा, मुलगी आणि नातवंडं तिथेच. बोलली असती तर कुठे गेली असती? हे सगळं खरं आहे आणि तरी पुरेसं नाही. वकिलातीच्या खिडकीपाशी तिच्याकडे पर्याय नव्हता. इथे होता, निदान 1984 मध्ये तुरे वारल्यानंतर तरी नक्की होता. इथे ती चुकली, आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनी हे तोंड चुकवून नाही, सरळ म्हणायला हवं. तिला ‘ममा आफ्रिका’ म्हणून देव्हाऱ्यात बसवणारे हा भाग गाळतात, तेव्हा ते दियालो तेलींना दुसऱ्यांदा गाडतात.

मात्र यावरून ‘बघा, सोयीची भूमिका घेणारे असेच असतात, यापेक्षा गप्प बसलेलं बरं’ असा निष्कर्ष जो काढला जातो, तो मला साफ नामंजूर आहे. साक्षीदार एका खटल्यात खरं बोलला आणि दुसऱ्यात गप्प बसला, तर पहिल्या खटल्यातला खून झालाच नव्हता असं ठरतं का? गिनीतल्या तिच्या मौनानं शार्पव्हिलच्या 69 मृतांपैकी एकही जिवंत होत नाही. उलट त्या मौनाला दोष द्यायचा तर आधी मान्य करावं लागतं की तिथे बोलणं तिचं कर्तव्य होतं. म्हणजे गायिकेनं बोलू नये हा मुद्दा तिथल्या तिथे निकालात निघतो. दोन्ही हातांत लाडू धरता येत नाहीत. ती 1963 मध्ये बोलली म्हणून तिला दोष, आणि 1977 मध्ये बोलली नाही म्हणूनही दोष, हे एकाच तोंडानं कसं म्हणणार? मी दुसरा दोष देतो, कारण पहिल्याला माझ्या मनात मानाचं स्थान आहे.

1985 मध्ये तिची एकुलती एक मुलगी बोंगी बाळंतपणात गेली. मकेबानं गिनी सोडलं आणि ती ब्रसेल्सला गेली. मंडेला सुटल्यावर जून 1990 मध्ये ती मायदेशी परतली, तीस वर्षांनी, फ्रेंच पासपोर्टवर. तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. यानंतर थांबली असती तर कुणीही काही म्हटलं नसतं.

नोव्हेंबर 2008 मध्ये इटलीत नेपल्सजवळच्या कास्तेल व्होल्तुर्नो या गावी एक कार्यक्रम ठरला. तिथल्या ‘कामोरा’ या गुन्हेगारी टोळीविरुद्ध लिहिणाऱ्या रोबेर्तो साव्हियानो या लेखकाला जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या, त्याच्या पाठीशी उभं राहण्यासाठी हा कार्यक्रम होता. त्याच गावात दोन महिन्यांपूर्वी, 18 सप्टेंबरला, टोळीवाल्यांनी सहा आफ्रिकी स्थलांतरितांना गोळ्या घातल्या होत्या. मकेबा शहात्तर वर्षांची, प्रकृती नाजूक. या खेपेला तिच्या पासपोर्टवर कुणी शिक्का मारला नव्हता, कुणाचा आसरा जाण्याची भीती नव्हती, आणि घरी बसून राहायला कुणाची हरकतही नव्हती. आमच्या मित्रांचं ते वाक्य तिच्या साऱ्या आयुष्यात कुठे खरं ठरत असेल तर इथे. 9 नोव्हेंबरच्या रात्री ती तिथे गायली. शेवटचं गाणं ‘पाता पाता’. ते म्हणून झालं आणि ती कोसळली.